कानावरून काढलेली मधली रेघ

तुओवी ह्युत्तिनेनने नोकरीची पहिली एकवीस वर्षं लोकांच्या कानांत दट्टे घालण्यात काढली. दातांच्या रुग्णालयातलं ते जुनं एक्स-रे यंत्रच तसं होतं. पोराला स्टुलावर बसवायचं, दोन बाजूंच्या दोन दांड्या आत सरकवायच्या, दांड्यांच्या टोकांचे प्लास्टिकचे दट्टे दोन्ही कानांच्या भोकांत बसवायचे. डोकं असं जखडलं की मग बटण दाबायचं. "हलू नकोस, आणि कान दुखला तर सांग," असं ती प्रत्येकाला बजावायची, आणि दुखतो म्हणून सांगणारी दोन-तीन पोरं दर आठवड्याला निघायचीच. गंमत म्हणजे तक्रार नेहमी एकाच कानाची असायची. तुओवी त्या बाजूचा दट्टा जरा सैल करायची आणि पुढच्या पोराला हाक मारायची. बाहेर रांग लागलेली असताना कुणाचा कोणता कान का दुखतो याचा विचार करत बसायला वेळ कुणाला होता?

मग ते यंत्र भंगारात गेलं आणि नवं आलं. नवं यंत्र डोक्याभोवती एक गिरकी घेतं आणि संगणकाच्या पडद्यावर अख्खी कवटी उभी करतं. ती हवी तशी फिरवा, वरून बघा, खालून बघा, मधोमध चिरा. दट्ट्यांचं कामच उरलं नाही. तुओवीने जुने दट्टे मात्र खणात टाकून ठेवले. "असू देत, भाकरी थोडीच मागतायत?" असं म्हणाली. तिच्या खणात काय नव्हतं ते विचारा.

वय त्रेसष्ट, बांधा ठेंगणा, आवाज असा की तळघरातल्या एक्स-रे विभागात ती हसली की वरच्या मजल्यावर स्वागतकक्षात कळायचं. आमच्या सावो प्रांतातल्या माणसाला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही हे सगळ्या फिनलंडला माहीत आहे, आणि तुओवी तर अस्सल सावोची. "दुखेल का?" असं पेशंटने विचारलं की उत्तर यायचं, "आता कसं सांगू, दुखेलसं वाटत नाही, पण दुखलंच तर मी इथेच आहे." कामात मात्र हा घोळ अजिबात नव्हता. तिने काढलेली प्रतिमा पुन्हा काढावी लागली असं दहा वर्षांत दोनदाच घडलं होतं, आणि दोन्ही वेळा पेशंटला शिंक आली होती.

ही नजर तिला बापाकडून मिळाली. एमेली ह्युत्तिनेन तळ्याकाठी लाकडी नावा बांधायचा. नाव बांधायला घेतली की लहानग्या तुओवीला एका टोकाला उभं करून तिच्या हातात दोरी द्यायचा आणि दुसरं टोक स्वतः धरायचा. नावेच्या पुढच्या नाकाडापासून मागच्या खांबापर्यंत दोरी ताणली की मग त्या दोरीपासून डावं-उजवं मोजायचं. "आधी दोरी, मग फळी," एवढंच तो दिवसभरात बोलायचा. त्याच्या नावांच्या दोन्ही बाजू कधीच तंतोतंत सारख्या नसत, आणि तरी त्या पाण्यावर नाकासमोर जात.

नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात ओस्सी पार्विआइनेन तळघरात येऊन बसला. चौतीस वर्षांचा दंतवैद्य, पीएचडी करत होता, आणि लाजाळू इतका की कॉफी मागायच्या आधी घसा खाकरायचा. त्याचा प्रश्न ऐकून तुओवी खूश झाली.

"चेहरा किती वाकडा असला तर चालतो, ते मोजायचंय," तो म्हणाला.

"चालतो म्हणजे? सगळे चालतायतच की रे."

"तेच तर. ज्यांना काहीच झालेलं नाही, ज्यांचं सगळं ठीक चाललंय, असे लोक किती वाकडे असतात ते कुणी नीट मोजलेलंच नाही आपल्याकडे. मग रोगी वाकडा कुठला आणि साधा वाकडा कुठला, हे ठरवायचं कशावरून?"

शंभर माणसं ठरली. अक्कलदाढेसाठी किंवा रोपण करायच्या दातासाठी ज्यांचे त्रिमित एक्स-रे पूर्वी काढले होते आणि ज्यांनी अभ्यासाला संमती दिली होती, अशी. नावं काढून टाकली, नुसते आकडे ठेवले. प्रत्येक कवटीवर तीसेक ठिकाणी ठिपके द्यायचे, दोन्ही भुवयांच्या मध्ये, डोळ्यांच्या खोबणींच्या काठावर, कानांच्या भोकांच्या वरच्या कडेला, जबड्याच्या कोपऱ्यांवर, हनुवटीच्या टोकावर. मग संगणक चेहऱ्याच्या मधोमध एक काचेचं तावदान उभं केल्यासारखं करतो आणि कोणता ठिपका तावदानापासून किती दूर ते सांगतो. ठिपके दोघांनी, एकमेकांचं न बघता द्यायचे, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायचे, म्हणजे हात किती पक्का ते कळतं. तुओवीचा हात अर्ध्या मिलिमीटरच्या आत पक्का निघाला, ओस्सीचा जरा कमी. "माझ्या वयाला येशील तेव्हा येईल," तिने त्याला धीर दिला.

सदतिसाव्या कवटीला ती थबकली. खालच्या जबड्यात डावीकडे एक दात नव्हता आणि हनुवटीच्या हाडावर बारीकशी जुनी खोक होती. सातव्या वर्षी बर्फावरच्या ढकलगाडीवरून आपटलेली ती स्वतःच. संमतीच्या कागदावर सही केलेली ती विसरून गेली होती. तिने मुकाट्याने ठिपके दिले आणि कुणाला काही सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये साइमी आली. एकोणीस वर्षांची, उंच, केस पुढे घेऊन गाल झाकायची सवय, जाड काळ्या काड्यांचा चष्मा, आणि पाठीवर ट्रम्पेटची पेटी. तिचा जबडा सरळ करायचं घाटत होतं. दाढा एका बाजूला जरा कडेवर टेकत होत्या ते निमित्त, खरं दुखणं आरशातलं होतं. शस्त्रक्रिया करणारा क्योस्ती तिला म्हणाला होता, मोजून बघू, हनुवटी चार मिलिमीटरच्या वर सरकलेली असेल तर जबडा कापून जागेवर आणू.

"चष्मा, कानातलं, केसांतल्या पिना, सगळं इथे ठेव," तुओवी म्हणाली. "आणि ती पेटी दाराबाहेर. तिचा फोटो नाही काढायचा."

साइमीने चष्मा काढला. तुओवीने तिच्याकडे पाहिलं आणि तिला काहीतरी खटकलं. आत्ता दारातून आलेली मुलगी आणि ही समोर बसलेली मुलगी यांत काहीतरी फरक पडला होता. काय, ते तिला सांगता येईना.

"ऑपरेशननंतर किती दिवसांनी वाजवता येईल गं?" साइमीने विचारलं.

"ते क्योस्तीला विचार."

"विचारलं. तो म्हणाला, काहींचा खालचा ओठ बधिर राहतो. काहींचा कायमचा." तिने बोटाने ओठ दाबून पाहिला. "बधिर ओठाने ट्रम्पेट नाही वाजत. जुलैमध्ये माझी सैन्याच्या बँडची परीक्षा आहे."

"मग कशाला करतेस?"

"कारण मी वाकडी आहे," साइमी म्हणाली, आज मंगळवार आहे म्हणावं तितक्या सहज. "शाळेत मला 'उतरण' म्हणायचे. पाच वर्षं झाली, मी प्रत्येक फोटोत अगदी कडेला उभी राहते, म्हणजे अर्धी कापली तरी चालेल."

तुओवीला भयंकर राग आला, कुणाचा ते मात्र कळेना. तिने यंत्र सुरू केलं.

ओस्सीने आपल्या पद्धतीने मोजलं. हनुवटी पाच पूर्णांक चार मिलिमीटर डावीकडे. क्योस्तीने मेमधल्या शेवटच्या आठवड्यातली तारीख धरून ठेवली, आणि गुरुवारच्या बैठकीत ती पक्की करायची असं ठरलं.

आता खरं तर तुओवीचं काम संपलं होतं. पण तिच्या डोक्यात त्या चष्म्याचा भुंगा शिरला तो निघेना. शनिवारी ती तळ्याकाठच्या खोपटावर गेली. तळ्यावरचा बर्फ फुटून आठवडा झाला होता आणि बापाने बांधलेली शेवटची नाव ओंडक्यांवर पालथी पडली होती. दर वसंतात तिला डांबर लावायचं आणि पाण्यात सोडायची, हा नेम होता. उजव्या बाजूचा वल्ह्याचा खुंटा गेल्या साली मोडला होता, त्या जागी शेजाऱ्याने नवा ठोकून दिला होता. तिने नाव सुलटी केली, दोन पावलं मागे झाली, आणि तिला नाव वाकडी दिसली. चांगलीच वाकडी, एका कुशीवर झुकलेली.

"अरे देवा, ओली होऊन पिळवटली की काय!" ती मोठ्याने म्हणाली आणि धावत जाऊन दोरी घेऊन आली. नाकाडाला एक टोक बांधलं, मागच्या खांबाला दुसरं. मोजलं. नाव चाळीस वर्षांपूर्वी होती तशीच सरळ होती. शेजाऱ्याने खुंटा दोन बोटं वर ठोकला होता, एवढंच. दोन खुंट्यांवर नजर टाकून तिने सगळ्या नावेला वाकडी ठरवलं होतं.

ती वितळल्या बर्फाच्या डबक्यात तशीच उभी राहिली. मग तिला चष्मा आठवला, आणि चष्म्यामागून ते सगळे कान आठवले, एकवीस वर्षांत एकाच बाजूने दुखलेले ते सगळे कान. दट्टे समोरासमोर एका पातळीत बसवलेले होते, आणि माणसांचे कान एका पातळीत बसवलेले नव्हते. इतकी साधी गोष्ट तिला तेव्हा का सुचली नाही म्हणून तिने स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. डांबर त्या दिवशी लागलं नाही.

सोमवारी ओस्सी यायच्या आधी ते दोन जुने दट्टे त्याच्या कीबोर्डवर येऊन बसले होते.

"हे काय?" त्याने घसा खाकरून विचारलं.

"तुझी पीएचडी," तुओवी म्हणाली. "मला सांग, ते तावदान तू कशावरून उभं करतोस?"

"दोन्ही कानांच्या भोकांतून एक रेघ जाते. तिला काटकोनात, भुवयांच्या मधल्या ठिपक्यातून. सगळे तसंच करतात. जुन्या पुस्तकांपासून चालत आलंय."

"पुस्तकात आलं ते या दट्ट्यांवरून आलं, बाळा. तेव्हा डोकं धरायला दुसरं काही नव्हतं म्हणून कान धरले. आता यंत्रातून दट्टे गेले आणि तू ते संगणकात परत घातलेस. साइमीचा उजवा कान बघ."

ओस्सीने बघितलं. उजव्या कानाचं भोक डाव्यापेक्षा चार मिलिमीटर वर होतं. त्याने कागदावर एक त्रिकोण काढला, त्याखाली आकडे मांडले, आणि त्याचा चेहरा उतरला.

"कान चार वर, म्हणजे तावदान खाली हनुवटीपाशी साडेतीनच्या पुढे उजवीकडे झुकतं," तो म्हणाला. "हनुवटी जागेवर असली तरी डावीकडे दिसणार. तुओवी, असं असेल तर माझे शंभरच्या शंभर पुन्हा मोजावे लागतील. सप्टेंबरमध्ये प्रबंध द्यायचाय मला."

"मग बडबड करू नकोस. ठिपके आहेत, फक्त तावदान हलवायचंय. आधी ह्या पोरीचं कर."

"आणि उभं कशावरून करू? कान नाही तर काय? खोबणी घेतल्या तर त्याही खाली-वर असतात."

"माझा बाप कुठल्याच एका खुंट्यावर विश्वास ठेवायचा नाही," ती म्हणाली. "सगळी नाव बघायचा."

ओस्सीने नखं खाल्ली, मग एकदम सरसावून बसला. वरचा अर्धा चेहरा, कपाळ, खोबणी, नाकाचं हाड, सगळा घेतला आणि आरशात धरल्यासारखी त्याची उलटी प्रत केली. ती प्रत मूळ चेहऱ्यावर जास्तीत जास्त चपखल बसेपर्यंत सरकवली. दोन्हींच्या मधोमध जे तावदान आलं, ते कुणा एका कानाच्या भरवशावर नव्हतं. मग त्याने हनुवटी मोजली.

एक पूर्णांक आठ.

दोघांनी तो आकडा तीनदा काढला. तिसऱ्यांदा तुओवीने ठिपके स्वतः नव्याने दिले. एक पूर्णांक आठच. मग मात्र तुओवीने टेबलावर अशी थाप मारली की कॉफी सांडली, आणि ओस्सी पहिल्यांदाच घसा न खाकरता बोलला, "च्यायला!"

पुढचे तीन दिवस तो तळघरातून हलला नाही. तुओवीने घरून आणलेला कालाकुक्को, आमच्याकडचा तो मासे भरून भाजलेला राईचा पाव, त्याने पडद्यासमोरच संपवला. गुरुवारी सकाळी शंभर चेहरे नव्या तावदानाने मोजून तयार होते.

गुरुवारच्या बैठकीला एक्स-रे काढणारे जात नाहीत. मनाई कुणी केली नव्हती, पण जात नाहीत. तुओवी गेली, स्वतःसाठी कॉफी ओतली आणि क्योस्तीच्या समोरच्या खुर्चीत बसली. क्योस्ती हुत्तुनेन म्हणजे पहाडासारखा माणूस, तीस वर्षं जबडे कापत आलेला, हात सोन्याचा.

"तू इकडे कशी? कॉफी संपली का खाली?" तो म्हणाला.

"संपली असंही नाही आणि आहे असंही नाही. ओस्सी, दाखव."

ओस्सीने दाखवलं. सुरुवातीला दोनदा घसा खाकरला, मग आकड्यांवर आला तसा सावरला. क्योस्तीने ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे रेलून म्हणाला, "तुमची गणितं तुमच्यापाशी. मी डोळ्यांनी बघितलंय त्या मुलीला. ती वाकडी दिसते."

"चष्म्यासकट बघितलंस की काढून?" तुओवीने विचारलं.

क्योस्तीने मान वळवून पडद्यावरच्या कवटीकडे पाहिलं.

"चष्मा कानांवर बसतो. उजवा कान वर, म्हणून चष्मा तिरका. तिरक्या चष्म्याखाली माझं नाकसुद्धा तिरकं दिसेल. आणि तुझ्या फायलीतला फोटो काढताना फोटोवाल्याने चष्मा सरळ दिसावा म्हणून तिचं डोकं कलतं करून घेतलं असणार, म्हणजे हनुवटी गेली आणखी बाजूला. मी स्वतः हजार पोरांची डोकी अशीच 'सरळ' केली आहेत, क्योस्ती. माझंही चुकलंच की. पण मी फक्त फोटो काढत होते. तू करवत चालवणार आहेस."

खोलीत सगळे आपापल्या कपात बघू लागले. क्योस्तीने ओस्सीच्या हातून माउस घेतला, कवटी स्वतः फिरवली, वरून पाहिली, खालून पाहिली, आरशातली प्रत पुन्हा काढून पुन्हा बसवली. पाच-सात मिनिटं गेली. त्या माणसाची एक गोष्ट तुओवीला मनापासून आवडायची, त्याला हाडापुढे स्वतःचा मान मोठा वाटत नसे.

"दाढांचं तारा लावून होईल," तो शेवटी म्हणाला. "तारीख काढून टाका." मग उठता उठता तुओवीकडे वळून म्हणाला, "जूनमध्ये जाणारेस ना तू? बरं झालं. आणखी दोन वर्षं राहिलीस तर मला बेकार करशील."

"जाऊ की नको, अजून ठरवतेय," तुओवी म्हणाली.

साइमीला क्योस्तीने स्वतः सांगितलं. पण ऐकून झाल्यावर ती घरी न जाता तळघरात उतरली आणि दारात उभी राहिली. तिला आनंद झाला होता असं म्हणवत नाही, पाच वर्षं उराशी धरलेली गोष्ट कुणी एका सकाळी काढून घेतली की माणूस आधी घाबरतो.

"म्हणजे मी वाकडी नाहीच?"

"आहेस की. एक पूर्णांक आठ," तुओवी म्हणाली. "शंभर लोक मोजले आम्ही, धडधाकट, आपापल्या घरी सुखाने असलेले. शून्य एकही निघाला नाही. तू बऱ्यापैकी सरळ बाजूला आहेस. त्यांत एक बाई आहे, तीन पूर्णांक तीन."

"बापरे. कशी दिसते ती?"

"तूच बघून सांग."

साइमीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिने तुओवीचा चेहरा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, डोळे बारीक करून पाहिला. "कुठे आहे?" ती म्हणाली. "मला तर दिसत नाही."

"मलाही त्रेसष्ट वर्षांत दिसलं नव्हतं. आण तो चष्मा इकडे."

तिने चष्म्याची उजवी काडी कढत पाण्याच्या नळाखाली धरली आणि ती मऊ झाल्यावर कानामागचा भाग अंगठ्याने वर वाकवला, पुसला, साइमीच्या नाकावर ठेवून पाहिला, पुन्हा काढला, पुन्हा वाकवला. तिसऱ्या वेळी बसला. "चष्मेवाल्याकडे जाऊन नीट करून घे, पण तोवर चालेल," असं म्हणून तिने साइमीला खांद्याला धरून बेसिनवरच्या आरशासमोर उभं केलं.

साइमी बघत राहिली. हळूहळू तिने गालांवरचे केस कानांमागे सारले, एक कान वर आणि एक खाली. मग ती रडायला लागली. तुओवीने तिला रडू दिलं आणि बाहेरच्या पेशंटला ओरडून सांगितलं की यंत्र गरम होतंय, दहा मिनिटं लागतील. ते यंत्र कधीच गरम होत नाही.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी तुओवीच्या निरोपाची कॉफी झाली. केक होता, फुलं होती, भाषण क्योस्तीने केलं आणि ते तीन वाक्यांचं होतं. ओस्सीने प्रबंधाची पुढे ढकललेली तारीख सांगितली आणि तिच्या हातात एक छोटी डबी ठेवली. आत ते दोन दट्टे होते, कापसात गुंडाळलेले. साइमी पेटी घेऊन आली होती. फोटोची वेळ झाली तेव्हा ती सवयीने कडेला गेली, मग तिथून निघून सरळ मधोमध तुओवीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

नंतर तिने वाजवलं. तळघराच्या लांब बोळात तो सूर असा भरला की वरच्या मजल्यावरचे पेशंट तोंडातला कापूस धरून जिन्यापाशी आले. तुओवी समोर उभी होती. इतक्या वर्षांची खोड जाते कुठे, तिने एक डोळा मिटला, मनातल्या मनात भुवयांच्या मधून खाली दोरी सोडली आणि पाहिलं. वरचे सूर घेताना साइमीची हनुवटी डावीकडे सरकत होती, क्योस्तीच्या त्या चार मिलिमीटरच्याही चांगली पुढे, आणि सूर मात्र बापाच्या नावेसारखा नाकासमोर जात होता. तुओवीने मिटलेला डोळा उघडला आणि सगळ्यांच्या देखत, केकची ताटली हातात तशीच धरून, ती भडभडून रडली.